विहिरीतल्या पाण्याचे वय
डॉ. देवेंद्र लाल यांच्या संशोधनाची ओळख



मार्च उजाडला की सोनगीर परिसरात कोणत्याही बांधावर एकच बोलणे चालू असते. "भाऊ, पाणी किती फुटांवर लागलं?" "किती इंची लागलं?" "मोटर किती वेळ चालते?" पाणी किती खोल आहे, किती आहे, याची चौकशी आपण सगळेच करतो. ते पाणी जमिनीत केव्हा मुरले, ही चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. गेल्या पावसाळ्याचे, आजोबांच्या वेळचे, की त्याहीपूर्वीचे?

प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. पाणी चालू सालचे असेल तर ते पुढच्या सालीही येईल. पण पाणी हजार वर्षांचे असेल, तर आपण पीक काढीत नसून मुद्दल मोडीत आहोत. हे वय मोजण्याचे शास्त्र आहे आणि त्याचे फार मोठे काम आपल्याच राज्यात, मुंबईच्या पावसाच्या पाण्यावर झाले. ते करणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक प्रमुख म्हणजे डॉ. देवेंद्र लाल. त्यांच्या संशोधनाची ओळख आणि आपल्या उसाशी त्याचा संबंध आम्ही या लेखात मांडीत आहोत.

शिळा ऊस आणि साठलेले पाणी

आधी मूळ कल्पना समजून घेऊ. ऊस तोडला की त्याचा जमिनीशी संबंध तुटतो. त्यात नवी साखर भरत नाही, आणि असलेली दिवसागणिक घटत जाते. म्हणून तोडलेला ऊस गव्हाणीत वेळेवर पडावा यासाठी आपण सारे धडपडतो. रस तपासून ऊस ताजा की शिळा, हे प्रयोगशाळेतला माणूस सांगू शकतो.

पाण्याचेही तसेच आहे. पावसाच्या पाण्यात काही किरणोत्सारी अणू अत्यंत अल्प प्रमाणात असतात. पाणी जमिनीत मुरले की त्याचा आभाळाशी संबंध तुटतो. नवे अणू मिळत नाहीत, आणि असलेले ठराविक गतीने घटत जातात. किती उरले ते मोजले की पाणी किती "शिळे" आहे ते कळते. फरक एवढाच, की उसाची साखर उन्हात लवकर घटते, थंडीत हळू घटते. या अणूंना ऊन नाही, थंडी नाही. त्यांची गती कोणालाच बदलता येत नाही. म्हणूनच त्यांचे घड्याळ भरवशाचे.

एकाच मूलद्रव्याचे, पण वेगवेगळ्या वजनाचे जे अणू असतात, त्यांना समस्थानिके म्हणतात. इंग्रजीत आयसोटोप. एका घरातले सख्खे भाऊ समजा. आडनाव एक, वागणूक एक, वजन मात्र वेगळे. त्यातले काही कायम टिकतात, काही किरण टाकून दुसऱ्याच मूलद्रव्यात बदलतात. असले अणू निम्मे होण्यास जो काळ लागतो, त्याला अर्धायुष्य म्हणतात. ट्रिटियम हा जड हायड्रोजन. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे. म्हणजे आज १०० असतील तर १२ वर्षांनी ५०, जवळपास २५ वर्षांनी २५. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. बेरिलियम-१० चे तर सुमारे १४ लाख वर्षे. कोणाचे घड्याळ मिनिटांचे, कोणाचे युगांचे, असा हा प्रकार आहे. या अणूंच्या मदतीने खडक, माती, पाणी आणि हवा यांचा इतिहास वाचणे म्हणजे समस्थानिकांचे भू-रसायनशास्त्र होय.

बनारसहून मुंबईस

देवेंद्र लाल यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९२९ रोजी बनारस येथे झाला. बनारस हिंदू विद्यापीठातून पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. पदवी घेऊन ते १९४९ साली मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. ही संस्था डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली उभी केली होती. कुलाब्याची आजची मोठी वास्तू तेव्हा नव्हती. गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत संस्थेचे काम चाले.

तेथे लाल यांना बर्नार्ड पीटर्स यांच्यासारखा मार्गदर्शक लाभला. त्या काळी विषय होता विश्वकिरणांचा. अवकाशातून अतिवेगवान कणांचा मारा पृथ्वीवर अखंड चालू असतो, त्यास विश्वकिरण म्हणतात. फोटोच्या काचांसारखी खास लेप दिलेली फिल्म मोठ्या फुग्यांना बांधून उंच आकाशात सोडायची, खाली आली की धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या वाटा पाहायच्या, असे ते काम होते.

एवढ्यावरही त्यांचे नाव झाले असते. पण १९५५ च्या सुमारास पीटर्स, लाल आणि त्यांच्या सोबत्यांनी वेगळाच प्रश्न हाती घेतला. हे विश्वकिरण हवेतल्या नत्र, प्राणवायू आणि आरगॉन या वायूंच्या अणूंवर आदळतात, तेव्हा ते अणू फुटतात आणि नवे किरणोत्सारी अणू तयार होतात. ते अणू पुढे जातात कोठे? पावसाबरोबर खालीच येत असले पाहिजेत!

मुंबईचा पाऊस प्रयोगशाळेत

मग मुंबईच्या पावसाची परीक्षा सुरू झाली. पावसाचे पाणी गोळा करायचे, रासायनिक रीतीने त्यातून हवे ते मूलद्रव्य वेगळे काढायचे, आणि बाहेरच्या किरणांपासून बंदोबस्त केलेल्या मोजणी-यंत्राखाली ठेवून तासन्‌तास वाट पाहायची. अणू इतके विरळ, की ढिगाऱ्यातून सुई शोधणेही त्यापुढे सोपे म्हणावे.

या चिकाटीतून १९५६-५७ या काळात पावसात बेरिलियमची समस्थानिके, गंधक-३५, फॉस्फरस-३२ आणि फॉस्फरस-३३ यांचा माग मुंबईच्या गटाने काढला. पी. एस. गोयल, रामा, झुत्शी, खारकर, नरसप्पाया ही त्या गटातली काही नावे. १९५७ साली याच गटाने खोल समुद्राच्या गाळातील बेरिलियम-१० वर निबंध प्रसिद्ध केला. हजार वर्षांत काही मिलिमीटर इतक्या मंद गतीने साठणाऱ्या त्या गाळाचा काळ मोजण्याची ही वाट होती.

फॉस्फरस-३२ चे अर्धायुष्य १४ दिवस, बेरिलियम-७ चे ५३ दिवस, गंधक-३५ चे ८७ दिवस. ही छोटी घड्याळे हवेच्या हालचालींसाठी कामाची ठरली. वरच्या थरातली हवा खाली यायला किती काळ घेते, ढगातून अणू किती दिवसांत धुऊन निघतात, हे त्यांवरून काढता आले.

पुढे लाल अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत गेले. तेथे गोल्डबर्ग व कोइडे यांच्यासह त्यांनी समुद्रातील स्पंजाच्या शरीरातून सिलिकॉन-३२ हा निसर्गात तयार होणारा अणू शोधून काढला. त्याचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. पीटर्स आणि लाल यांनी १९६७ साली पृथ्वीवरील विश्वकिरणजन्य अणूंची जी समग्र मांडणी केली, ती जगभरच्या अभ्यासकांनी पायाभूत मानली.

पावसाकडून भूजलाकडे

सिलिकॉन-३२ ची गोष्ट आपल्याला जवळची आहे. ट्रिटियम काही दशकांपर्यंतचे पाणी ओळखतो. कार्बन-१४ हजारो वर्षांचे. मधली शंभर ते हजार वर्षांची फट मोकळी होती. १९६६ साली निजामपूरकर, लाल आणि सहकाऱ्यांनी भूजलाचे वय सिलिकॉन-३२ ने काढण्याची रीत मांडली. काम कष्टाचे. एका नमुन्यासाठी पाणी टनांच्या हिशेबाने लागे. या अणूचे अर्धायुष्य सुरुवातीला कित्येक शे वर्षे धरले होते. पुढच्या मोजण्यांत ते सुमारे दीडशे वर्षे निघाले आणि जुने आकडे नव्याने मांडावे लागले. शास्त्र असेच पुढे जाते. मोजमाप सुधारले की हिशेब सुधारायचा.

या गटाचे हात अनेक कामांत होते. तलावाच्या तळचा गाळ किती वेगाने साठतो, हे शिसे-२१० वरून काढण्याची रीत कृष्णस्वामी, लाल आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी १९७१ साली मांडली. धरणे गाळाने किती भरली याची चिंता करणाऱ्या प्रत्येकाला तिचा उपयोग आहे. टाटा संस्थेतल्या कार्बन-१४ प्रयोगशाळेत डी. पी. अग्रवाल, शीला कुसुमगर आदींनी नेवासे, इनामगाव अशा पांढरीच्या टेकाडांतल्या कोळशाची वये काढली. महाराष्ट्रातला शेतकरी किती जुना, याचे उत्तर त्या कोळशाने दिले. अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या दगडांत विश्वकिरणांनी उमटवलेल्या खुणाही लाल यांनी तपासल्या. आपल्या सोनगीरचा तांबट भांड्यावर हातोडी मारून नादावरून पत्रा ओळखतो, तसे हे लोक दगडातल्या बारीक ओरखड्यांवरून तो किती काळ उघड्यावर पडला होता ते ओळखीत.

१९७२ साल आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या चांगलेच लक्षात आहे. त्या दुष्काळाने आपल्या राज्यात बोअर पाडणारी यंत्रे गावोगाव आणली. त्याच साली लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. डॉ. विक्रम साराभाई यांचे १९७१ च्या डिसेंबरात निधन झाले होते. त्यांनी उभी केलेली ही संस्था लाल यांनी १९८३ पर्यंत सांभाळली. मुंबईतील त्यांचे बरेच सहकारी तिकडे गेले आणि अहमदाबाद हे या शास्त्राचे देशातले मोठे केंद्र बनले. १९७९ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. १९९१ साली उघड्या खडकाच्या पृष्ठभागावर साचणाऱ्या अणूंवरून जमिनीची धूप मोजण्याचा जो निबंध त्यांनी लिहिला, तो आज जगभर वापरला जातो. १९९७ मध्ये भू-रसायनशास्त्रातला मानाचा गोल्डश्मिट पुरस्कार त्यांना मिळाला. १ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

शेजारच्या गुजरातचे उदाहरण

आता पाण्याचे वय कळल्याने काय होते ते बघा. उत्तर गुजरातेत मेहसाणा भागात खोल नळकूपांवर मोठी शेती उभी राहिली. पाणी दरवर्षी खाली जात राहिले, आणि बोअर त्याच्यामागे खोल जात राहिले. अहमदाबादच्या प्रयोगशाळेतील अग्रवाल, गुप्ता, देशपांडे व यादव यांनी तेथील खोल थरांतल्या पाण्याची वये काढून २००६ साली प्रसिद्ध केली. अरवलीच्या पायथ्याशी, जेथे पाणी मुरते, तेथे ते तरुण आढळले. पश्चिमेकडे सरकावे तसे वय वाढत गेले, आणि कच्छच्या लहान रणाच्या दिशेने ते ३५,००० वर्षांपलीकडे पोचले.

याचा अर्थ काय? पायथ्याशी आज मुरलेला थेंब तिकडच्या बोअरमध्ये पोचायला हजारो वर्षे घेतो. तेथला शेतकरी एका हंगामात जे उपसतो, ते त्याच्या नातवालाही परत मिळणार नाही. शिवाय त्या खोल पाण्यात फ्लोराइडचाही त्रास आहे. कोणाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पाणी लागले म्हणून ते दरसाल मिळणार असे धरून चालू नये, एवढेच यातून घ्यायचे.

आपल्या काळ्या पाषाणात किती मुरते?

आपला प्रकार गुजरातहून वेगळा. तापीकाठी गाळाची खोल जमीन आहे, पण सोनगीरच्या आसपास बहुतेक काळा पाषाण. धुळे-नंदुरबार भागात तर या पाषाणात शेकडो उभ्या कातळी भिंती घुसलेल्या आहेत. पूर्व-पश्चिम पसरलेल्या लांबच लांब टेकड्यांच्या रूपाने त्या आपण रोज पाहतो. हा पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे, हेही आरगॉनच्या समस्थानिकांवरूनच कळले. वरचा मुरूम आणि खालच्या भेगा एवढीच काय ती पाण्याला जागा. कातळी भिंतीच्या एका अंगाला विहीर भरते, दुसऱ्या अंगाला कोरडी राहते, हा अनुभव अनेकांचा आहे. उथळ विहिरीतले पाणी बहुधा अलीकडच्या पावसाळ्यांचे असते. जितके खोल जावे, तितकी पाणी जुने असण्याची आणि भरपाई हळू होण्याची शक्यता वाढते.

मग दरसाल नवे पाणी येते किती? याचे उत्तरही समस्थानिकांनीच दिले. मुंबईच्या गटातले पी. एस. गोयल पुढे कानपूरच्या आय.आय.टी.त गेले आणि उत्तरेकडच्या मैदानात ट्रिटियमने भूजलाची भरपाई मोजू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत डॉ. रा. ना. आठवले व सहकाऱ्यांनी हेच काम आपल्या दक्खनच्या पाषाणावर केले.

रीत सोपी आहे. पावसाळ्यापूर्वी पिकाच्या मुळ्यांखाली ट्रिटियम मिसळलेले थोडेसे पाणी टोचतात. ही एक खूण. पावसाळ्यात वरून मुरणारे पाणी त्या खुणेला खाली ढकलते. पाऊस संपल्यावर तेथेच खोदून थराथराची माती तपासतात. खूण किती खाली सरकली आणि मधल्या मातीत ओल किती, यावरून मुरलेले पाणी काढतात.

१९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दोन खोरी होती. मराठवाड्यातले गोदावरी-पूर्णा (ही आपल्या तापीला मिळणारी पूर्णा नव्हे) आणि पुणे-नगरकडचे कुकडी. पहिल्या खोऱ्यात सुमारे ६५२ मि.मी. पावसातले ५६ मि.मी., दुसऱ्यात सुमारे ६१२ मि.मी. पावसातले ४६ मि.मी. पाणी खाली मुरले. म्हणजे शंभरातले जेमतेम आठ! बाकीचे नाल्याने गेले, उन्हाने उडाले, की पिकांनी व गवताने प्यायले.

एक एकर उसाचा हिशेब

आपल्याकडे पाऊस साधारण साडेपाचशे ते सहाशे मि.मी. खडक त्याच जातीचा. तेव्हा ढोबळ मानाने पन्नास मि.मी. मुरते असे धरू. एका एकरावर पन्नास मि.मी. म्हणजे सुमारे दोन लाख लिटर पाणी.

आता ऊस. मोकळ्या पाटपाण्यावर बारमाही उसाला २,००० मि.मी. तरी पाणी लागते असे धरतात. त्यातले ४०० मि.मी. पावसातून कामी आले असे समजू. राहिले १,६०० मि.मी. एका एकराला हे होतात सुमारे ६५ लाख लिटर. भागाकार करून बघा. एक एकर ऊस केवळ विहिरीवर काढायचा, तर बत्तीस एकर रानात मुरलेले पाणी त्याला लागते.

हा हिशेब ढोबळ आहे. दिलेल्या पाण्यातले काही परत मुरते. बंधारा, पाझर तलाव किंवा कालवा जवळ असेल तर आकडा बदलेल. पण मुख्य गोष्ट बदलत नाही. माझ्या एका एकराचे पाणी माझ्या एकराखालून येत नसते, ते बत्तीस एकरांतून येते, आणि त्यात शेजाऱ्याची जमीन असते, गावठाण असते, गायरान असते. विहीर माझी, पाणी मात्र शिवाराचे. हे भाषणातले वाक्य नाही, मोजलेले आहे.

आपल्या हातात काय आहे?

प्रत्येकाने प्रयोगशाळा उघडावी असे कोणी म्हणत नाही. पण काही गोष्टी आजपासून करता येतील.

पहिली, दोरीला दगड बांधून विहिरीतली पातळी महिन्याला एकदा मोजावी व वहीत लिहावी. निदान दिवाळीला आणि मे अखेरीस तरी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या गावातली तशी विहीर कोणती, ते विचारून घ्यावे. पाऊस बरा होऊनही दिवाळीची पातळी साल दर साल खाली जात असेल, तर मुद्दल मोडते आहे हे ओळखावे. त्यासाठी ट्रिटियमची गरज नाही.

दुसरी, उसाचे क्षेत्र दिवाळीच्या पातळीवर ठरवावे. बाजारभाव पाहून लावलेला ऊस एप्रिलात वाळतो, तेव्हा बेण्याचे, खताचे आणि सोसायटीच्या कर्जाचे ओझे अंगावर राहतेच.

तिसरी, ठिबक. बरोबर वापरल्यास पाण्याची तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत बचत होते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर विहिरीला काय वाचले? पाचट जाळू नये. सरीत आच्छादन केले तर ओल टिकते.

चौथी, नाल्यावर बांध घालून, शेताला बांधबंदिस्ती करून शंभरातले आठ मुरते त्याचे दहा-बारा करता येतील का ते बघावे. बोअरमध्ये पाणी सोडायचे झाल्यास गाळ-वाळूची चाळणी केल्याविना सोडू नये. गढूळ पाण्याने भेगा बुजतात.

पाचवी, पाण्यासाठी आणखी खोल जाण्याअगोदर विचार करावा. दोनशे फुटांचे चारशे, चारशेचे आठशे केले, म्हणजे नवे पाणी तयार होत नाही. आपण फक्त जुन्या पाण्यापर्यंत, किंवा शेजाऱ्याच्या पाण्यापर्यंत पोचतो.

हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. पांझरेच्या फड बंधाऱ्यांवर शेकडो वर्षे हीच रीत होती. बंधाऱ्यात पाणी किती ते आधी पाहायचे, मग कोणत्या फडात ऊस आणि कोणत्यात हंगामी पीक ते सर्वांनी मिळून ठरवायचे, आणि पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी द्यायचे. नदीचे पाणी डोळ्यांना दिसत होते, म्हणून ते जमले. भूजल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचे भांडणही होत नाही आणि वाटपही होत नाही. डॉ. लाल आणि त्यांच्या सोबत्यांनी ते न दिसणारे पाणी मोजण्याजोगे केले. आता त्याचा फड आखणे आपल्याकडे आहे. गटसभेत जसा आपण उसाच्या नोंदीचा आणि तोडीचा हिशेब मागतो, तसा विहिरींच्या पातळीचाही मागू या.